ताडपत्रीखालची पोचम्मा

तुळशीरामकाका रस्त्यात भेटले की समोरच्या माणसाला आधी सरळ उभं करत आणि मग भुईवर बसवत.

"उभ्यानं दिसते का?"

"दिसते काका."

"आता बस. उकिडवा नको, पुरा टेक. आता दिसते?"

दिसायचं काय, तर आमच्या गावच्या पोचम्मा देवीच्या देवळावरचं निशाण. माणूस पँट सावरत धुळीत बसायचा आणि मान लांब करायचा. मान लांब केली की काकांचा हात त्याच्या डोक्यावर यायचा. "मान नाई ताणायची. जेवाले बसल्यावानी बस." नाही दिसत, असं कबूल झालं की खिशातून वही निघे. चहाचं हॉटेल, दक्षिण कोपरा, उभ्यानं होय, बसून नाही. एकदा आदिलाबादहून आलेल्या कापसाच्या व्यापाऱ्याला त्यांनी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत असंच खाली बसवलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, या गावात बसूनच सौदा करायची रीत असेल. त्यानं बसल्याबसल्या भाव सांगून टाकला.

लोक हसायचे. मीही हसायचो. सगळ्यांपेक्षा थोडा जास्तच हसायचो, आणि त्याला कारण होतं.

काका म्हणजे तुळशीराम बोरकुटे, निवृत्त गिरदावर. पटवाऱ्यांच्या डोक्यावर जो महसुलाचा अधिकारी असतो तो गिरदावर. निजाम गेला, आंध्र झालं, तेलंगणा झालं, कचेरीच्या पाट्या तीनदा रंगवल्या गेल्या, पण नेरडीगोंड्याच्या आसपासच्या खेड्यांनी काकांना गिरदावरच ठेवलं. घराणं भाजी पिकवणाऱ्या माळ्यांचं. माझं घर त्यांच्या घराला लागून, आणि मी कारकून म्हणून लागलो तो त्यांच्याच हाताखाली. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. कागदावर काही लिहिण्याआधी ती जागा स्वतः जाऊन बघायची. जागेला ते मौका म्हणत. "मौका पाह्यला का?" हा त्यांचा प्रश्न बांधाच्या भांडणाला होता तसाच घरीही होता. काकू म्हणाली, वांग्यात मीठ कमी झालं, तर हे विचारत, मौका पाह्यला का? गावात कोणी गेल्याची बातमी आली तरी पहिला प्रश्न तोच. एकदा असा मेलेला माणूस खरंच ओट्यावर चहा पिताना सापडला. तेव्हापासून काकांनी मौका पाहिल्याशिवाय आमच्या गावात रडारड सुरू होत नसे.

काकांना जाऊन आता वर्ष होईल. म्हणून हे लिहितो आहे. त्यांच्या हयातीत लिहिणं शक्य नव्हतं, ते का, ते पुढं येईलच.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रकाश. म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या नोकरीवर तो इस्राएलला गेला. आमच्या भागातली बरीच माणसं तिकडं याच कामाला आहेत. प्रकाशचे कागद दोनदा परत आले. तिसऱ्यांदा पाठवले तेव्हा काकू त्यांच्या शेताच्या बांधावर गेली. तिथं कडुनिंबाखाली पोचम्मा होती. मूर्ती वगैरे नाही, पिढ्यांच्या हळदीनं पिवळा झालेला वीतभर दगड. काकूनं नवस बोलला, पोराचं काम होऊ दे, इथंच तुले बकरा देईन. महिन्याभरात काम झालं. प्रकाश पहिल्या सुटीला आला की बकरा द्यायचा, असं ठरलं.

पहिली सुटी आली तोवर बांध उरला नव्हता. हायवेवरून गावात येणारा रस्ता रुंद झाला, त्यात बांध गेला, कडुनिंब गेला. पोचम्मा तेवढी वाचली, कारण ती आदल्या दिवशीच उचलून ठेवली होती. निदान गावाला असंच माहीत आहे. मग गावानं कमिटी केली, शाळेच्या मागं चार भिंती उभ्या केल्या, दगड आत बसवला आणि ठराव केला की यापुढं कोंबडं-बकरं जे काही असेल ते देवळामागच्या ओट्यावरच. बांधावर, अंगणात, रस्त्याकडेला काही नाही. स्लॅबपर्यंत मात्र कमिटीचा उत्साह पोचला नाही. वर निळी ताडपत्री बांधली, ती वर्षानुवर्षं तशीच राहिली.

काकू अडून बसली. "म्या बांधावर बोलली, बांधावरच देईन." काका म्हणाले, ठराव झाला आहे, बंदी आहे. ते सरकारी माणूस, ठरावाबाहेर जाणं त्यांना जमायचं नाही. प्रकाश आला, राहिला, परत गेला. बकरा राहिला. मग काकू आजारी पडली आणि दोन महिन्यांत गेली. शेवटी शेवटी ती मुलाचं नाव घेत नव्हती. "माहं बोललेलं राह्यलं," एवढंच म्हणायची.

प्रकाशला येता आलं नाही. तेव्हा निघाला असता तर परत जायचा परवाना गेला असता. त्यानं फोनवर रडत विचारलं, बाबा, मी येऊ का? मी शेजारी उभा होतो. काका म्हणाले, "आता येऊन काय मौका पाह्यतं?"

त्यानंतर सातआठ महिने बापलेकांचं बोलणं म्हणजे तीन वाक्यं. जेवले का. गोळी घेतली का. ठेवतो.

मग सबा आला. म्हणजे फोनमधून आला. प्रकाश ज्या म्हाताऱ्याला सांभाळतो त्याला तो सबा म्हणतो, तिकडच्या भाषेत आजोबा. सबा नव्वदीचा, पाय गेलेले, डोकं शाबूत. ज्यू लोकांचा तालमुद नावाचा फार जुना ग्रंथ आहे, त्याचं रोज एक पान वाचायचं हा त्याचा नेम. सायरन वाजला आणि प्रकाशनं त्याला उचलून तळघरात नेलं तरी पुस्तक मांडीवरच. त्या दिवसांत त्याची पानं, बळी कुठं द्यायला चालत होता आणि कुठं नाही, या विषयावर आली होती. ऐकता ऐकता प्रकाशच्या तोंडून आईच्या नवसाची गोष्ट निघाली. सबानं पुस्तकात बोट ठेवून विचारलं, तुझी आई बोलली तेव्हा देऊळ होतं का?

प्रकाशनं तोच प्रश्न बापाला विचारला. काका ओसरीवर आडवे होते ते उठून बसले. "मसला नाजूक हाये," म्हणाले. वादाच्या मुद्द्याला ते मसला म्हणत. त्या दिवशी फोन पाऊण तास चालला.

तिथून रोजचंच झालं. सकाळी दहाच्या सुमाराला, म्हणजे तिकडं सबाचा चहा झाल्यावर, फोन यायचा. सबा विचारायचा, प्रकाश मराठीत आणायचा, काका उत्तर द्यायचे, प्रकाश ते उलटं न्यायचा. अकराला काका चहाच्या हॉटेलात येत आणि ऐकेल त्याला धडा सांगत.

"आधी त्यांच्यात बंदीच नव्हती. ज्याले जिथं वाटलं तिथं त्यानं दगड मांडला. मंग रानात देवाचा तंबू उभा झाला. बंदी. मंग गिल्गाल नावाच्या जागी आले. मोकळीक. मंग शिलो. तिथं खाली दगडाच्या भिंती, वर कापड. बंदी. शिलो पडलं, पुन्हा मोकळीक. मंग यरुशलेमात पक्कं देऊळ झालं. बंदी. आन ते पडलं तरी बंदी उठली नाई. आजपावतर उठली नाई!"

शाळेतले वाघमारे सर तिथं रोज पेपर वाचायला येत. सर बौद्ध, देवाधर्माच्या कामात नसणारे, पण काकांना डिवचल्याशिवाय त्यांचा चहा उतरायचा नाही. "म्हणजे आता ते कुठंच बळी देत नाहीत?"

"कुठंच नाई."

"मग दोन हजार वर्षं वाचून राह्यले काऊन?"

"द्याले जागा नाई म्हनूनच तं वाचतात सर. जागा असती तं देऊन घरी गेले असते."

"गिरदावर सायेब, आमच्यात या, इथं बकरा जिता राहते. मसलाच मिटते."

"तुमचा मिटते. माह्या बायकोनं बोलून ठेवलं त्याचं काय करू?"

यावर सर पेपर वर करत.

निशाणाचं प्रकरण याच पानांतून निघालं. शिलोचं देऊळ होतं तेव्हा काही बळींचं मांस, जिथून शिलो दिसतं अशा कोणत्याही जागी बसून खायला चालायचं. त्यावर त्या ग्रंथात कोणीतरी शंका काढली आहे की उभ्यानं दिसतं आणि बसल्यावर दिसत नाही, अशा जागेचं काय? उत्तर सापडलं नाही, शंका तशीच सोडून दिली. काकांना हे फार आवडलं. "दोन हजार वर्षं फाईल पेंडिंग! आपल्या कचेरीत तीन महिने राह्यली तं मेमो येते. तिकडं तिले रोज उघडून पाह्यतात." म्हणून मग अख्ख्या गावाची ऊठबस सुरू झाली.

आणि स्लॅब. कमिटीचे अध्यक्ष राजन्ना यांनी एकदाचं मनावर घेतलं, वाळू येऊन पडली. काका त्या वाळूच्या ढिगावर जाऊन बसले. वर कापड आहे तोवर हे देऊळ शिलोसारखं, म्हणजे बंदी उठायला वाव आहे. स्लॅब पडला की ते यरुशलेम, बंदी कायमची, असं त्यांचं म्हणणं. राजन्ना तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलतात. ते हात जोडून म्हणाले, "गिरदावर साब, ये शिलो कौन है? किस गाँव का है? उसको बुलाओ, मैं बात करता."

शेवटी लोखंड आलं नाही म्हणून स्लॅब राहिला. काकांनी इस्राएलला कळवलं की काम थांबवलं आहे. सबा हसला म्हणे, इतका की प्रकाशला त्याला पाणी पाजावं लागलं.

आता माझं सांगतो.

त्या रस्त्याचा पंचनामा मी लिहिला होता. काका तेव्हा निवृत्त झाले होते. मी मौक्यावर गेलो नाही. हायवेवरच्या हॉटेलात पंख्याखाली बसून लिहिलं की मौक्यावर कोणतेही देवस्थान, समाधी अथवा पूजास्थान नाही. बांधावर पोचम्मा आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण ती लिहिली असती तर कागद वर गेला असता, परत आला असता, मला चार खेपा पडल्या असत्या. कोणी दबाव आणला नव्हता. कोणी काही देऊ केलं नव्हतं. ऊन होतं. कारण एवढंच आहे, आणि ते इतकं लहान आहे म्हणूनच मला सांगता आलं नाही. मोठं पाप असतं तर कदाचित कधीच बोलून गेलो असतो.

मनात होतं की यंत्र यायच्या आधी जाऊन दगड उचलून आणू. यंत्र एक दिवस आधी आलं. मी पोचलो तेव्हा कडुनिंब आडवा पडला होता आणि त्याच्या जागेवर मुरूम पसरून झाला होता. मी बराच वेळ हातानं उकरलं. मग नाल्यात उतरलो, त्याच मापाचा दगड शोधला, धुतला, किराणा दुकानातून हळद आणून फासली आणि गावात सांगितलं की मी कालच उचलून ठेवली होती. गावानं मला हार घातला. काकूनं त्याच दगडावरची हळद बोटानं घेतली आणि माझ्या कपाळाला लावली.

देवळात बसलेली पोचम्मा ती ही. तिच्यापायी बंदी झाली, आणि त्या बंदीपायी काकूचा बकरा राहिला.

एका रविवारी सकाळी काका माझ्या ओसरीवर आले. हातात फुलस्केप कागद, खाली पुठ्ठा, कानावर पेन्सिल. "मनोहर, तुही जबानी पायजे."

"कशाची काका?"

"सबानं नवीन मुद्दा काढला. म्हनते, देवी तिथून उठली कशी ते आधी पाहा. रीतसर उठली असन तं जुनी जागा बंद. नसन उठली तं जुनी जागा अजून खुली. आता उठवताना साक्षीदार कोन? तू एकटा."

माझ्या बायकोनं चहा ठेवला आणि आत गेली. काकांनी लिहायला घेतलं.

"दगड कोन उचलला?"

"मी."

"कवा?"

"आदल्या दिवशी."

"कोनत्या वक्ताले?"

"दुपारी."

"ठीक. खाली हिरव्या बांगड्या निंगाल्या असतीन. किती होत्या?"

बांगड्यांचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"नवस बोलली त्या दिवशी तुह्या काकूनं दगडाखाली पुरल्या होत्या. कोनाले सांगतलं नाई, मलेच मालूम. तू दगड उचलला तं तुले दिसल्याच असतीन. किती?"

ते मला पकडायला आले नव्हते. हे मला आजही ठामपणे वाटतं. त्यांना खरंच आकडा हवा होता, जबानी भक्कम दिसावी म्हणून. पेन्सिल कागदावर टेकवून ते वाट पाहत होते. आणि मी सगळं सांगितलं. हॉटेल, पंखा, मुरूम, नाला, किराणा दुकान. सांगताना मी त्यांच्या चपलांकडं बघत होतो.

त्यांनी लिहिलेलं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"म्हंजे ती तिथंच हाये."

"हो."

"रस्त्याखाली. हललीच नाई."

"नाही काका."

"मंग देवळात कोनी नाई. मंग बंदी कायची? बंदी नव्हतीच." पेन्सिल त्यांनी पुठ्ठ्यावर आडवी ठेवली. "तुही काकू मले म्हने, बांधावर जाऊ, कोन पाह्यते. म्याच नाई म्हनलं. ठराव हाये म्हनलं."

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"काका, मला काय वाटेल ते बोला. पण आजच आपण बकरा आणू. ती जागा मला इंच न् इंच माहीत आहे. रस्त्याकडेला का होईना, काकूचं बोललेलं पुरं होईल. मी करतो सगळं. प्रकाशला आत्ता फोन लावून खरं सांगतो."

"त्याले नाई सांगायचं."

मला वाटलं, ते मला वाचवायला बघताहेत. मी म्हणालो, "गावात नाव गेलं तरी चालेल काका. मला आता लपवायचं नाही."

"तुह्या नावाचं कोन बोलून राह्यलं?" ते पहिल्यांदाच चिडले. "त्याले सांगतलं तं तो काय म्हनन? म्हनन, झालं ना बाबा, जागा सापडली, द्या बकरा. आन म्या देल्ला. मंग?"

"मग काय?"

"मंग उद्या दहा वाजता तो काय इचारन? गोळी घेतली का?"

मी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला.

"सहा महिन्यामागं त्यानं मले इचारलं, बाबा, माय त्या दिवशी बांधावर जातानी कोनतं लुगडं नेसली होती. सबाले पायजे होतं म्हने. सबाले कायले पायजे लुगडं? त्यालेच पायजे होतं. असा इचारन का तो, मसला मिटल्यावर?"

"पण काकूचं काय काका? तिचं राहिलेलं..."

त्यांनी अंगणाकडं पाहिलं. तिथं काही नव्हतं, वाळत घातलेल्या मिरच्या होत्या.

"ती थांबन," ते म्हणाले. "तिले थांबायची सवय हाये."

मग त्यांनी लिहिलेला कागद घडी करून खिशात घातला, नवा कोरा कागद पुठ्ठ्यावर लावला आणि पुठ्ठा माझ्याकडं सरकवला. "लिही. तुह्या अक्षरात."

मी पेन्सिल घेतली. तीस वर्षांपूर्वी सांगायचे तसं, शब्द तोडून तोडून त्यांनी सांगितलं, "साक्षीदार मौक्यावर होता. दगड साक्षीदारानेच उचलला. मात्र खाली काय होते ते साक्षीदारास नीट आठवत नाही."

मी पेन्सिल वर उचलली.

"लिही ना."

मी लिहिलं. सही केली. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला, सहीखाली तारीख नव्हती ती घालायला लावली. मी माझ्या मनातली गोष्ट बोलून टाकली होती, तरी तो कागद त्यांच्या हातात बघताना मला वाटलं की मी पुन्हा त्या पंख्याखालीच बसलो आहे. या खेपेला मात्र ते शेजारी होते.

दहाला फोन आला. ते माझ्याच ओसरीवर बसून बोलले.

"हां प्रकाश. जबानी झाली रे. पन साक्षीदार कच्चा निंगाला. हो, मनोहरच. वय झालं त्याचं बी. त्याले आठोतच नाई." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "सबाले इचार, साक्षीदार असा कच्चा असला तं तुमच्यात काय करतात? नाई नाई, घाई नको, त्याले पुस्तक पाहू दे."

फोनमधून प्रकाशचा आवाज आला, "थांबा बाबा, ठेवू नका." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, त्याचं त्या भाषेतलं बोलणं, म्हाताऱ्याचा खोकला.

मी काहीतरी म्हणायला गेलो. काकांनी तळहात वर करून मला गप्प केलं आणि फोन कानाला आणखी घट्ट दाबला.